सदागोठित भूमी

सदागोठित भूमी (पर्माफ्रॉस्ट) : सलग किमान दोन वर्षे ज्या जमिनीचे तापमान ०° से. किंवा त्याखाली राहते, ती जमीन. ही व्याख्या केवळ तापमानाची आहे, बर्फाची नाही. म्हणून कोरडा खडकही तीत मोडतो. वरचा जो थर उन्हाळ्यात वितळतो व हिवाळ्यात पुन्हा गोठतो त्याला ‘सक्रिय थर’ म्हणतात. रशियन संशोधक मीखाईल सुमगिन यांनी १९२७ च्या ग्रंथातून ‘शाश्वत गोठण’ ही संज्ञा रूढ केली, तर ‘पर्माफ्रॉस्ट’ हा जोडशब्द सायमन म्यूलर यांनी १९४३ मध्ये अमेरिकी लष्करासाठी लिहिलेल्या अहवालातून आला. ही जमीन वितळू लागली असल्याने दोन्ही संज्ञांमधील नित्यत्व आज शब्दशः घेता येत नाही.

सैबीरिया, अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंडचा किनारा व स्वालबार (नॉर्वेचा द्वीपसमूह) येथे तिचा विस्तार आहे. उत्तर गोलार्धातील सुमारे एक चतुर्थांश भूभाग तिने व्यापल्याचे जुन्या संदर्भग्रंथांत आढळते. मात्र त्यात तुरळक पट्टेही धरलेले असतात. प्रत्यक्ष गोठलेली जमीन सुमारे १५ टक्के असावी, हा अलीकडचा अंदाज अधिक ग्राह्य वाटतो. पूर्व सैबीरियातील याकूत्स्क येथे व्यापारी शेर्गिन यांनी १८२८ नंतर खोदवलेली विहीर सु. ११६ मी. खोल गेली, तरी गोठलेला थर संपला नाही. निसर्गशास्त्रज्ञ मिडेनडोर्फ यांनी १८४० च्या दशकात याच विहिरीत तापमाने मोजली आणि या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाला पाया मिळाला.

भूमिगत बर्फाची उत्पत्ती : पूर्व सैबीरियात व अलास्कात ‘येदोमा’ नावाचे बर्फाने गच्च भरलेले गाळाचे निक्षेप आहेत. काही ठिकाणी त्यांच्या आकारमानाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बर्फच असतो. तो कोठून आला, हा वाद जुना आहे. न्यू सायबेरियन बेटांवरील बर्फाच्या भिंती म्हणजे प्राचीन हिमनद्यांचे गाडले गेलेले अवशेष होत, असे भूवैज्ञानिक एडुआर्ट टोल यांचे मत होते. १८८५–८६ च्या त्याच मोहिमेतील त्यांचे सहकारी अलेक्झांडर बुंगे यांचा कल मात्र जमिनीच्या भेगांत पाणी गोठून हा बर्फ साचला असावा, याकडे होता. पुढे अमेरिकी भूवैज्ञानिक अर्नेस्ट लेफिंगवेल यांनी अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर अनेक वर्षे राहून या दुसऱ्या मताला भक्कम आधार दिला (१९१५). कडक थंडीत जमीन आकुंचन पावून बहुभुजाकृती भेगा पडतात. वसंतात वितळलेले पाणी त्यांत शिरून गोठते. पुढच्या हिवाळ्यात तडा पुन्हा तेथेच जातो. दरवर्षी काही मिलिमीटर भर पडत हजारो वर्षांत कित्येक मीटर रुंदीची हिमपाचर तयार होते. येदोमापुरते हे स्पष्टीकरण आता सर्वमान्य म्हणावे लागेल. पश्चिम सैबीरिया व कॅनडातील काही प्रचंड बर्फथरांबाबत मात्र गाडलेल्या हिमनदीची शक्यता अजून नाकारता येत नाही. पाचरींभोवतीचा गाळ वाऱ्याने आणलेला लोएस की नद्यांचा, यावरही मतभेद आहेत. स्थळपरत्वे दोन्ही प्रक्रिया घडल्या असाव्यात. निक्षेपांचा बराच भाग प्लाइस्टोसीन या हिमयुगीन कालखंडाच्या अखेरच्या टप्प्यातील मानतात.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. कणाकणांत थोडा बर्फ असलेली वाळू वितळली तरी फारशी खचत नाही. पाचर वितळली की वरची जमीन कायमची बसते, खड्ड्यात तळे साचते आणि तळ्याचे पाणी भोवतालचा बर्फ आणखी वितळवते. पूर्व सैबीरियातील साखा (याकूत) लोक अशा जुन्या, गवताळ खोलगटांना ‘अलास’ म्हणतात व तेथे गुरे-घोडी चारतात. त्याच प्रदेशातील बाटागाय येथील सु. १ किमी. लांबीची दरी मात्र वृक्षतोडीनंतर गेल्या काही दशकांतच फाकत गेली आहे.

तापमानवाढ व परिणाम : १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जागतिक सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापला, असे २०२२ मधील एक विश्लेषण सांगते, त्यापूर्वी हा वेग दुप्पट-तिप्पट मानला जाई. सैबीरियातील व्हेर्खोयान्स्क येथे २० जून २०२० रोजी ३८° से. तापमान नोंदले गेले. सदागोठित भूमीत सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. वातावरणातील कार्बनच्या तो जवळजवळ दुप्पट भरतो, म्हणून त्याच्या विघटनाची चिंता रास्त आहे. त्यातला किती व किती वेगाने बाहेर पडेल, याबाबत अंदाज फार वेगवेगळे आहेत. सैबीरियातील नोरिल्स्क येथे मे २०२० मध्ये टाकी फुटून सुमारे २०,००० टन डीझेल सांडले. टाकीचा आधार खचण्यामागे वितळणे की बांधकामातील दोष, यावर एकमत नाही. दोन्हींचा वाटा असावा.

अनुकूलन : मुख्य तत्त्व जमीन थंड राखण्याचे. याकूत्स्कमधील इमारती गोठलेल्या थरात खोल रोवलेल्या खांबांवर उचललेल्या असतात. खालच्या मोकळ्या जागेतून हिवाळी वारा खेळतो व घराची ऊब जमिनीत उतरत नाही. अलास्कातील तेलवाहिनी (१९७७) सुमारे १,२८७ किमी. लांब असून तिचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीवर उचललेला आहे. तिच्या आधारस्तंभांत अमोनियाच्या नळ्या बसवल्या आहेत. तळाशी अमोनियाची वाफ होते, ती वर जाऊन थंड हवेत द्रवते व खाली परतते. अशी जमिनीतील उष्णता विजेविना बाहेर पडते. ही युक्ती हिवाळ्यातच चालते, आणि हिवाळेच सौम्य होत आहेत.

जेथे जमीन वाचवता येत नाही तेथे गावच हलवावे लागते. अलास्कातील न्यूटोक या यूपिक आदिवासींच्या गावाचा नदीकाठ ढासळत गेल्याने पहिली कुटुंबे २०१९ मध्ये मेर्टार्विक येथे गेली. उरलेली २०२४ मध्ये गेली. स्थलांतराचा निर्णय तेथील लोकांनी कितीतरी आधी घेतला होता, हे विसरता कामा नये. शिशमारेफ या अलास्कातील बेटावरच्या गावाच्या रहिवाशांनी २०१६ मध्ये स्थलांतराच्या बाजूने कौल दिला, पण गाव अजून बेटावरच आहे. उत्तर अलास्कातील इन्युपियाट लोक व्हेलचे मांस साठवण्यासाठी गोठलेल्या जमिनीत तळघरे खोदतात. त्यांपैकी काहींत आता पाणी शिरते. त्याबरोबर अन्नसाठवणीची एक परंपराच धोक्यात आली आहे.

सदागोठित भूमीच्याच प्रदेशात, स्वालबारमधील नी-ओलेसुन येथे, भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र (२००८) असून त्याचे संचालन गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे.