ऑक्टोबरात ढग पूर्वेकडून येतात

पुण्यातून मान्सून माघारी फिरण्याची सरासरी तारीख ९ ऑक्टोबर. मुंबईची ८. पूर्वी मुंबईची तारीख २९ सप्टेंबर धरली जायची. २०२० साली हवामान विभागाने जुन्या नोंदी पुन्हा तपासून ती पुढे सरकवली. या तारखेच्या आधीचे पंधरा-वीस दिवस देशावर साधारण एकच वेळापत्रक चालतं. सकाळ लख्ख. बारानंतर घामाच्या धारा. चारच्या सुमारास पुण्याच्या पूर्वेला, हडपसर, लोणी काळभोरच्या बाजूला आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो, दारं-खिडक्या आपटायला लागतात, आणि अर्ध्या तासात रस्त्याचा ओढा होतो. सात वाजता बघावं तर वर चांदण्या.

यातली दिशा लक्षात घ्यायला हवी. जुलैत ढग येतात ते मुळशी, सिंहगडाच्या अंगाने, पश्चिमेकडून. ऑक्टोबरात ते बहुतेकदा पूर्वेकडून चढत येतात. परतीचा पाऊस म्हणजे त्याच पावसाळ्याचं शेपूट, असं आपण समजून चालतो. पण ढगाची जात, वाऱ्याचा स्वभाव, थेंबाचा आकार, विजांचं प्रमाण यातलं काहीच जुलैशी जुळत नाही.

जुलैतला पाऊस वाऱ्याच्या जोरावर पडतो. अरबी समुद्रावरून येणारा ओला पश्चिमी वारा जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वात वेगवान असतो. द्वीपकल्पावरचा हा झोत पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन या आपल्याच हवामानशास्त्रज्ञांनी १९६६ साली शोधनिबंधातून मांडला. हा वारा सह्याद्रीला धडकतो, नाइलाजाने वर चढतो, थंड होतो आणि घाटमाथ्यावर पाणी ओतून मोकळा होतो. इथले ढग फारसे उंच नसतात. त्यांची मजल बहुतेकदा पाच-सात किलोमीटरपर्यंत, म्हणजे पाणी गोठण्याच्या पातळीच्या आसपासच. त्यामुळे थेंब बारीक, पाऊस संततधार आणि विजा जवळपास नाहीत. सूर्य दिवसेंदिवस ढगांआड असल्याने जमीनही तापत नाही. घाट उतरून पूर्वेला गेलं की वाऱ्यातलं पाणी संपलेलं असतं. बारामती, दौंड, माण, सांगोला हा सगळा पट्टा त्यामुळेच पर्जन्यछायेत येतो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात हे यंत्र थकतं. राजस्थानात कोरडी हवा शिरते, पश्चिमी वाऱ्याचा जोर मोडतो आणि आपल्याकडे वरच्या थरांत पूर्वेचे, बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे शिरकाव करतात. ढगांचं छप्पर फाटतं आणि ऊन थेट जमिनीवर येतं. जमीन चार महिने भिजलेली, धरणं-तळी भरलेली, पिकं हिरवीगार. उन्हाने या सगळ्याची वाफ होते आणि खालची हवा एकाच वेळी गरम आणि दमट बनते. तिच्यावर मात्र उत्तरेकडून आलेल्या तुलनेने कोरड्या हवेचे थर पसरलेले असतात. खालची हवा पुरेशी वर उचलली गेली की भोवतालच्या हवेपेक्षा हलकी ठरते, असा हा अस्थिर डोलारा. दुपारी दोन-तीनपर्यंत तो कसाबसा टिकतो. मग एखाद्या टेकडीच्या उतारावर किंवा दोन वारे भेटतात त्या रेषेवर खालची हवा वाट फोडते आणि सुसाट वर जाते.

या ढगाला लागणारं इंधन त्याच्या वाफेतच असतं. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सोडते, आणि त्या उष्णतेने ढगातली हवा आणखी वर ढकलली जाते. हिशेब करून बघा. दहा चौरस किलोमीटरवर दहा मिलिमीटर पाऊस, म्हणजे हडपसर परिसरावर पडलेली एक मध्यम सर. एवढं पाणी भरतं दहा कोटी लिटर. ते तयार होताना सुटलेली उष्णता जवळपास सात कोटी युनिट विजेइतकी होते. कोयना प्रकल्पाचे सगळे संच पूर्ण १,९६० मेगावॅट क्षमतेने दीड दिवस अखंड चालवले, तर एवढी वीज मिळेल. ढग ते काम तासाभरात उरकतो.

म्हणूनच त्याचा माथा बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो. तिथे तापमान शून्याखाली पन्नासच्याही पलीकडे असतं. ढगाच्या मधल्या पट्ट्यात, साधारण उणे दहा ते उणे वीस अंशांत, हिमकण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात. या घासाघाशीत सहसा जड गारांकडे ऋण विद्युतभार जातो आणि हलके हिमकण धन भार घेऊन वर निघून जातात. वर-खाली भार साठत गेला की वीज कोसळते. जुलैच्या बुटक्या ढगात हा खेळ रंगायला बर्फच पुरेसं नसतं.

आता वाऱ्याकडे येऊ, कारण लोकांना धडकी भरते ती त्याचीच. पाऊस सुरू होण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी जो गार वारा सुटतो, तो ढगाच्या पोटातून आलेला असतो. वरून पडणारे थेंब वाटेत कोरड्या थरातून जातात आणि त्यांतले काही तिथेच विरतात. वाफ होताना ते आजूबाजूच्या हवेची उष्णता घेतात. हवा गार होते, जड होते आणि खाली कोसळते. जमीन लागल्यावर तिला जायला जागा उरत नाही. फरशीवर बादली पालथी केल्यावर पाणी जसं चहूबाजूंनी धावतं, तशी ती पसरते. तिचा पुढचा काठ म्हणजेच तो सोसाट्याचा वारा. तो पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावतो, धूळ उडवतो, आणि जिथे पाऊस पडलाय तिथल्या मातीचा वास कोरड्या गावात आधी पोचवतो. पारा काही मिनिटांत पाच-सात अंशांनी उतरतो. शिवाय हाच काठ पुढच्या गरम हवेखाली पाचरीसारखा घुसून तिला वर उचलतो आणि नवा ढग जन्माला घालतो. लोणंदला पाऊस थांबला आणि तासाभराने जेजुरीला सुरू झाला, यामागे अनेकदा हेच असतं. उसाच्या पट्ट्यात विचारा: वाढ झालेला ऊस आधीच डोकेजड, त्यात बुडाची माती भिजून मऊ झालेली. अशा वेळी ताशी पन्नास किलोमीटरचा एकच झोत फड आडवा करायला पुरतो.

थेंबाचंही बघा. घाटातल्या भुरभुर पावसाचा थेंब अर्धा मिलिमीटरचा असला, तर तो ताशी सात-आठ किलोमीटर वेगाने खाली येतो. ऑक्टोबरच्या सरीतला टपोरा, पाच मिलिमीटरचा थेंब ताशी तीसच्या पुढे असतो. व्यास दहापट म्हणजे वजन हजारपट, आणि वेग चौपटीहून जास्त. जमिनीवर होणारा एका थेंबाचा आघात वीस हजार पटींच्या घरात जातो. नुकतीच ज्वारी पेरलेल्या काळ्या रानात अशी सर आली की वरची माती ठेचून बसते, ऊन पडल्यावर तिला पपडी धरते आणि कोंबाला डोकं वर काढता येत नाही. तोच एक इंच पाऊस दिवसभर रिमझिम पडला असता तर सोनं झालं असतं.

अंदाज चुकतात म्हणून या दिवसांत हवामान खात्याची सर्वात जास्त थट्टा होते. मला ती थोडी अन्यायाची वाटते. एकेक ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा आणि तास-दीड तास जगणारा. कोथरूड चिंब आणि खराडीत धूळ, हे त्याच्या स्वभावातच आहे. बातमीतलं ‘तुरळक ठिकाणी’ हे काही सावध मोघमपण नाही. त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५. आपल्या गल्लीचं उत्तर हवं असेल तर रडारवर बेतलेला पुढच्या तीन तासांचा इशाराच बघावा लागतो. शेतात काढणी चालू असेल तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर असू द्यावं. आसपास वीज पडू लागली की ते कळवतं. ॲप नसेल तर चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तिनाने भागा, किलोमीटर मिळतात. पण गडगडाट ऐकू येतोय एवढ्यावरच झाडाखालून निघून पक्क्या घराकडे चालू लागणं शहाणपणाचं.

सगळा पाऊस असा स्थानिक नसतो. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते पश्चिमेला सरकलं, की दुपारच्या ढगांना मोठा पाठीराखा मिळतो. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ अशीच एक प्रणाली जमिनीवर चढली. तिने हैदराबाद बुडवलं आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर, पंढरपूर, पुण्याकडे येऊन पुढे ती अरबी समुद्रात उतरली. उजनी आधीच भरलेलं होतं, त्यामुळे पाणी सोडण्यावाचून इलाज नव्हता आणि भीमेला पूर आला. वारा पूर्वेचा असला की सह्याद्रीची पर्जन्यछाया सोलापूरला लागू होत नाही. डोंगर पडतो मागे. सोलापुरात वर्षातला सर्वाधिक पाऊस जुलैत न पडता सप्टेंबरात पडतो, त्याचं कारण याच दिवसांत शोधायचं. पुण्याने हा पाऊस ४ ऑक्टोबर २०१० ला बघितला, तेव्हा शिवाजीनगरला चोवीस तासांत १८१ मिलिमीटर नोंदले गेले. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात, फार वाईट रीतीने बघितला.

जुन्या माणसांनी या पावसाची वही नक्षत्रांवर ठेवली. सप्टेंबरअखेर सूर्य हस्तात जातो, ऑक्टोबरच्या दहा तारखेच्या आसपास चित्रात, आणि शेवटच्या आठवड्यात स्वातीत. ‘पडेल हत्ती (म्हणजे हस्त) तर पडतील भिंती’ असं म्हणणाऱ्याला टपोऱ्या थेंबाचा आणि वादळी वाऱ्याचा मार ठाऊक होता. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ हे मात्र कुणाच्या रानात काय उभं आहे त्यावर ठरतं. मंगळवेढ्याच्या शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, ही ओल म्हणजे सगळा हंगाम, कारण पुढे तो त्याच ओलीवर वाढतो. त्याच आठवड्यात मराठवाड्यात सोयाबीनच्या गंजीला कोंब फुटतात, कोकणात कापणीला आलेलं भात आडवं होतं, आणि नाशिकला ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागेत डाऊनी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी दिवसाआड करावी लागते.

मान्सून गेला हे ठरवण्याची रीत वायव्य भारतासाठी पक्की आहे: सलग पाच दिवस पाऊस नाही, खालच्या थरांत उलटं चक्रावणारे, म्हणजे प्रत्यावर्ती वारे, आणि हवेतल्या बाष्पात ठळक घट. आपल्याकडे प्रामुख्याने ही घट आणि पावसाची उघडीप बघून रेषा दक्षिणेकडे ओढत नेतात. हिशेबाची वही मात्र त्या रेषेची वाट बघत नाही. मान्सूनची सरासरी आणि टक्केवारी ३० सप्टेंबरला बंद होते; त्यानंतरचा प्रत्येक थेंब मान्सूनोत्तर खात्यात जमा होतो, मान्सून अजून पुण्यात मुक्कामाला असला तरी. ‘यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ हा जो आकडा दरवर्षी गाजतो, त्यात शाळूची ऑक्टोबरमधली ओल नसते आणि ऑक्टोबरात कोंब फुटलेलं सोयाबीनही नसतं.