इसबाची जखम वाळवू नका

गुडघा खरचटला की आठ-दहा दिवसांत खपली धरते, गळून पडते आणि विषय संपतो. इसबाने फुटलेली कातडी मात्र आज भरल्यासारखी वाटते, उद्या सकाळी पुन्हा ओली. खरचटणे एकदाच घडून गेलेले असते. इसबात ते रोज घडते, बऱ्याचदा झोपेत, आणि त्याची सुरुवात बाहेरून नव्हे तर कातडीच्या आतून होते. म्हणून साध्या जखमेचे ठोकताळे इथे लावले की गणित चुकते. त्यातला सगळ्यात चिवट ठोकताळा म्हणजे ‘उघडी ठेवा, वाळू द्या’.

‘एक्झिमा’ हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ चक्क ‘उतू जाणे’. ओला इसब पाहिलेल्याला तो लगेच पटेल. आत दाह सुरू झाला की पेशींच्या मधल्या फटींत द्रव साठतो, बारीक पुटकुळ्या येतात, त्या फुटतात आणि लस वाहू लागते. (देवीच्या प्रतिबंधासाठी फोडातला असाच द्रव टोचत, म्हणून व्हॅक्सिनलाही आपण लसच म्हणतो.) ही लस म्हणजे पू नव्हे. ती दिसली की जंतुसंसर्गच झाला असे धरून चालण्याची घाई नको.

त्वचेचा सर्वांत वरचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो. मृत, चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामधले सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले असे स्निग्ध पदार्थ हा चुना, अशी ती भिंत. फिलॅग्रिन नावाचे प्रथिन या विटा घट्ट करते आणि त्याच्या तुकड्यांपासून त्वचेतला ओलावा धरून ठेवणारे पदार्थ तयार होतात. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या आयर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिले की या प्रथिनाच्या जनुकातले दोष इसबाची शक्यता बरीच वाढवतात. सगळ्याच रुग्णांत हा दोष नसतो, पण दाहामुळेही फिलॅग्रिन कमी होते. म्हणजे भिंत आधी ढासळो वा आग आधी लागो, एकातून दुसरे होतेच.

या पडक्या भिंतीत स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जिवाणू मुक्काम ठोकतो. इसबाच्या चट्ट्यांवर तो बहुसंख्य रुग्णांत सापडतो. २०२३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले की या जिवाणूचे एक विकर (एन्झाइम) खाजेच्या चेतातंतूंना थेट चेतवते. दाह असो नसो, जिवाणू स्वतःच खाज सुटवू शकतो. ‘खाजवू नकोस’ हे वाक्य किती निरुपयोगी आहे, हे यावरून कळावे. खाजवणाऱ्याला दटावण्यापेक्षा त्याची नखे रोज घासून बोथट ठेवणे, झोपताना सुती हातमोजे घालणे आणि खाज उसळली की गार पाण्याची ओली पट्टी ठेवणे, यांचा उपयोग जास्त.

आता वाळवण्याबद्दल. १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या अंगावर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण सोपे आहे. कडेच्या पेशींना सरकत सरकत मधली जागा भरायची असते. ओल्या पृष्ठभागावर त्या सहज सरकतात, पण कडक खपली असली तर तिच्याखालून वाट काढावी लागते. त्यामुळे फुटलेल्या जागेवर टाल्कम पावडर, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे चाललेल्या कामात खोडा. शेवटची दोन तर नव्या पेशींनाही इजा करतात. साधी पेट्रोलियम जेली त्यापेक्षा कितीतरी भली. लस फार वाहत असेल तर आधी पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ सुती कापडाच्या घड्या दहा-पंधरा मिनिटे ठेवाव्यात. त्याने लस आटते, खपल्या मऊ पडतात.

आंघोळ टाळू नये. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटे, बस. साबण मात्र दूर ठेवावा. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, पाचच्या आसपास. वडीचा साबण नऊ-दहापर्यंत जातो, आणि तसे झाले की विटा सुट्या करणारी विकरे जोर धरतात. अंग पुसताना टॉवेल घासायचा नाही, टिपायचा. मग कातडी दमट असतानाच ओलावा टिकवणारे मलम, म्हणजे मॉइश्चरायझर.

कुठले मलम? ब्रिटनमध्ये साडेपाचशे मुलांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांच्या परिणामात फरक आढळला नाही. तेव्हा जे रोज लावले जाईल तेच चांगले. पण कातडी फुटलेली असताना एक फरक जाणवतो. क्रीममध्ये पाणी आणि परिरक्षके (ते टिकावे म्हणून घातलेली रसायने) असतात, ती चरचरतात; युरिया असलेली तर जास्तच. तेवढ्यापुरते चिकट ऑइंटमेंट बरे. मलम डबीतून स्वच्छ चमच्याने काढावे, बोटाने नव्हे. ऑलिव्ह तेलाच्या मोहात पडू नये, त्यातले ओलेइक आम्ल ही भिंत आणखी सैल करते.

सर्वांत मोठी चूक मात्र नको ते लावण्यात नव्हे, हवे ते न लावण्यात होते. स्टेरॉइड मलमाच्या कागदावर ‘फुटलेल्या त्वचेवर लावू नये’ असे छापलेले असते. ते वाचून लोक नेमके गरज असताना औषध थांबवतात. इसबात कातडी फुटते ती दाहामुळे, आणि १९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिझोनचा लेप इसबावर गुणकारी असल्याचे दाखवले तेव्हापासून दाह विझवायचे मुख्य साधन हेच राहिले आहे. खाजवून सोललेल्या इसबावर डॉक्टर ते मुद्दाम देतात. तो इशारा इतर जखमांसाठी आणि उपचार न झालेल्या संसर्गासाठी आहे. हातही आखडता घेऊ नये: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. किती तीव्रतेचे आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. आणि तो चट्टा इसबच आहे, गजकर्ण नाही, याचीही खात्री त्यांनीच करावी. गजकर्णावर स्टेरॉइड लावले तर ते हातपाय पसरते.

मधासारख्या पिवळ्या खपल्या, पू, वाढता ठणका, गरमपणा, ताप ही संसर्गाची लक्षणे. तेव्हा घट्ट बांधून ठेवू नये, दाखवावे. किरकोळ संसर्गाला प्रतिजैविक लागतेच असे नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा मुलांना प्रतिजैविकांनी वेगळा फायदा झाला नाही; स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर सगळ्यांनाच दिले होते. नीओमायसिनसारख्या प्रतिजैविक मलमांची तर स्वतःचीच ॲलर्जी येऊ शकते.

एका गोष्टीत मात्र दिवस उजाडायची वाट पाहू नये. एकसारख्या आकाराच्या, टोच्याने पाडल्यासारख्या बारीक गोल जखमा झपाट्याने वाढत असतील, खाजेपेक्षा दुखत असतील, सोबत ताप असेल, तर तो हर्पिसचा विषाणू असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी १८८७ मध्ये वर्णिलेला हा प्रकार डोळ्यापर्यंत पोहोचला तर दृष्टीवर बेतते. यावर विषाणूरोधक औषध तातडीने सुरू व्हावे लागते. कोणाच्या ओठावर ‘जर’ (याच विषाणूचे फोड) उठलेला असेल तर त्याने इसबाच्या बाळाचा पापा घेऊ नये, ते याचसाठी.

जखमेवर थेट चिकटपट्टी लावू नये, काढताना ती वरचा थर घेऊनच येते. न चिकटणारे गॉझ आणि त्यावर सैल सुती पट्टी किंवा नळीसारखे बँडेज पुरते. बोटांच्या भेगांवर रात्री पेट्रोलियम जेली आणि सुती मोजे. पॅराफिन मुरलेले कपडे आणि पट्ट्या धुतल्यावरही भरभर पेट घेऊ शकतात, म्हणून विस्तवाजवळ सावध असावे.

बहुतेक जखमा उथळ असल्याने व्रण उरत नाहीत, पण गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेवर काळपट किंवा फिकट डाग महिनोन्‌महिने दिसतात. त्यांना औषधाचे डाग समजून मलम सोडले जाते. खरे तर बरी दिसणारी कातडीही आतून पूर्ण शांत झालेली नसते. म्हणूनच वारंवार उलटणाऱ्या इसबात डॉक्टर, जखम भरल्यावरही, त्याच जागी आठवड्यातून दोन दिवस स्टेरॉइड मलम चालू ठेवायला सांगतात.