केंब्रिज पायी पाहताना: आमच्या प्रवाशांसाठी थोडी माहिती

केंब्रिजचा दिवस आम्ही मुद्दाम पायी ठेवला आहे. इथे गाव आणि विद्यापीठ आठशे वर्षं एकमेकांशी भांडत नांदले. त्याच्या खुणा बसच्या खिडकीतून दिसत नाहीत.

मुळात विद्यापीठ जन्मलं तेच भांडणातून. १२०९ मध्ये ऑक्सफर्डला एका बाईच्या मृत्यूवरून गावाने विद्यार्थ्यांना फाशी दिलं, तेव्हा तिथली काही विद्वान मंडळी पळून इथे आली. कॉलेजं नंतरची; सर्वांत जुनं पीटरहाउस १२८४ चं. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात गावकऱ्यांनी विद्यापीठाचे दस्तऐवज बाजारचौकात जाळले. त्या चौकात आजही बाजार भरतो. आपला चहा तिथेच होईल.

किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये नजर आपोआप छताकडे जाते, आणि ते छत आहेही तसंच. पण बाहेरची हिरवळही पाहा. इंग्लंडचा राजा सहाव्या हेन्रीने या कॉलेजसाठी भर गावातली घरं, दुकानं, गल्ल्या, एक चर्चसुद्धा पाडलं. (हिरवळीवर पाय ठेवू नये, ही विनंती.)

सर्वांत जास्त वेळ आपण सेनेट हाउससमोर, म्हणजे विद्यापीठाच्या समारंभांच्या इमारतीसमोर, थांबतो. गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ‘रँग्लर’. त्यांची नावं इथे क्रमाने वाचली जात. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पहिल्या क्रमांकावर, म्हणजे सीनियर रँग्लर आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आपल्याकडे रँग्लर हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला. त्याआधी, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट यांचं नाव ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं वाचलं गेलं होतं. तरीही त्यांना पदवी मिळाली नाही, कारण त्या स्त्री होत्या. १८९७ मध्ये स्त्रियांना पदवी द्यावी का यावर मतदान झालं: विरोधात १७१३, बाजूने ६६२. त्या दिवशी विरोधकांनी समोरच सायकलवरच्या स्त्रीचा पुतळा खिल्ली उडवायला टांगला होता. पदवीचा पूर्ण हक्क मिळायला १९४८ उजाडलं. आमच्या गटातल्या मुलींना ही जागा आम्ही आवर्जून दाखवतो.

परीक्षांच्या दिवसांत बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. तसं असेल तर आधी कळवू.

परतीचं रेल्वे स्टेशन मध्यवस्तीपासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे. १८४५ मध्ये रेल्वे आली तेव्हा विद्यार्थी लंडनला पळतील अशी विद्यापीठाला धास्ती होती. त्यामुळे विद्यार्थ्यांना गाडीत घेण्यावर कायद्यानेच बंधनं आणली गेली. तेवढं अंतर आपण चालणार आहोत, म्हणून पायात सवयीचे बूट असू द्या.