युद्धकाळातल्या विमानवेधी मोर्च्याला वारसा दर्जा: पुण्यात अर्ज कुठे आणि कसा करायचा

इथे मोर्चा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं पाडणाऱ्या तोफेसाठी बांधलेलं ठाणं. त्याला वारसा दर्जा हवा असेल तर सर्वप्रथम केंद्राची वाट सोडून द्या. १९५८ च्या केंद्रीय प्राचीन स्मारक कायद्यात वास्तू किमान १०० वर्षांची लागते. म्हणजे १९३९ चं बांधकामसुद्धा २०३९ पर्यंत त्यात बसत नाही. इंग्लंडच्या १९७९ च्या कायद्यात वयाची अट नाही, म्हणून तिथे अशा तोफांचे तळ रीतसर संरक्षित आहेत. पुण्यात जवळची वाट म्हणजे महापालिकेची वारसा यादी. श्रेणी १, २ किंवा ३.

अर्जाआधी जमीन कोणाची ते बघा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढलं की कळतं. कॅम्प, खडकी, देहूरोड, लोहगाव या भागांत बरीच जमीन लष्कराची. तसं निघालं तर महापालिकेत खेटे घालू नका, लष्कराच्या जमिनींचा कारभार बघणाऱ्या संरक्षण संपदा अधिकाऱ्यांना लिहा. आणि परवानगीशिवाय आत शिरून फोटो काढू नका. ड्रोनचं तर नावही नको, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे.

जमीन खासगी किंवा पालिकेची असेल तर महापालिकेच्या हेरिटेज सेलकडे, म्हणजे वारसा कक्षाकडे, लेखी प्रस्ताव द्या. तो देणारा मालकच हवा असं नाही. पण मालकाचं म्हणणं ऐकलं जातंच, तेव्हा त्याचं संमतीपत्र मिळालं तर उत्तम. सोबत जमिनीचा उतारा, अक्षांश-रेखांशासह नकाशा, मोजमापं आणि सगळ्या बाजूंचे फोटो जोडा.

बहुतेक प्रस्ताव अडतात ते पुराव्यावर. ‘आजोबा सांगायचे, इथे तोफ होती’ एवढ्यावर प्रस्ताव तपासणारी वारसा समिती मान डोलावणार नाही. काँक्रीटचा गोल खड्डा पाण्याची टाकीही असू शकतो. ब्रिटिशांच्या ३.७ इंची तोफेच्या पक्क्या मोर्च्यात तळाशी तोफ बसवायच्या बोल्टांचं कडं आणि भिंतीलगत दारूगोळ्याचे कप्पे सापडतात. असे मोर्चे बहुधा चारच्या गटात, मधल्या नियंत्रण कक्षाभोवती असत. या खुणांचे जवळून फोटो घ्या. युद्धकाळातले कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधा. सापडलेल्या कागदाचा संदर्भ क्रमांक प्रस्तावात द्यायला विसरू नका.

प्रस्ताव दिल्यावर पोच आणि आवक क्रमांक घ्याच. पुढे वारसा समितीची छाननी, नागरिकांच्या हरकती-सूचना आणि राज्य सरकारची मंजुरी. यात वेळ जातो, आणि तोवर पाडकाम आपोआप थांबत नाही. धोका दिसत असेल तर आयुक्तांना त्याच आवक क्रमांकासह वेगळं पत्र द्या.