बटाईने शेती करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी: इंदूर जिल्ह्यात लेखी करार कसा करावा

इंदुरातील कितीतरी मराठी घरांची सांवेर, देपालपूर किंवा महूकडे वडिलोपार्जित जमीन आहे, पण ती कसणारे घरात कोणी उरलेले नाही. त्याच गावांत शेतीची जाण असलेले, मात्र नावावर बिघाभरही जमीन नसलेले तरुण आहेत. या दोघांमधला बटाईचा, म्हणजे पिकातल्या वाट्यावर जमीन कसायला देण्याचा, व्यवहार आजवर तोंडी चालत आला, कारण 1959 च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम 168 नुसार, विधवा, अज्ञान, सैनिक अशा काही जणांचा अपवाद वगळता, सलग तीन वर्षांत एका वर्षापेक्षा अधिक काळ जमीन भाडेपट्ट्याने देता येत नसे आणि कूळ लागेल ही धास्ती मालकाच्या मनात कायम असे. ‘मध्य प्रदेश भूमिस्वामी एवं बटाईदार के हितों का संरक्षण अधिनियम, 2016’ या कायद्याने ही अडचण बरीचशी दूर केली असून, भूमिस्वामीला, म्हणजे जमिनीच्या नोंदलेल्या मालकाला, आता पाच वर्षांपर्यंत जमीन बटाईने देता येते आणि मुदत संपली की ताबा आपोआप त्याच्याकडे परत जातो.

जमीन देणाऱ्याचे नाव खसऱ्यात, म्हणजे गावच्या जमीन-नोंदीत, भूमिस्वामी म्हणून असले पाहिजे. नेमके इथेच शहरातल्या घरांचे गाडे अडते: आजोबा जाऊन वर्षे लोटली तरी खसऱ्यात नाव त्यांचेच असते. अशा वेळी आधी वारसांचे नामांतरण करून घ्यावे, आणि खाते सामाईक असेल तर करारावर सर्व खातेदारांच्या सह्या घ्याव्यात. पुण्याला स्थायिक झालेल्या काकांची सही नंतर पाहू, असे म्हणू नये. आदिवासी खातेदारांच्या जमिनींबाबत संहितेत वेगळे निर्बंध असल्याने तिथे तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चालू वर्षाचा खसरा, बी-1 (खात्याचा उतारा) आणि नकाशा, भू-अधिकार ऋणपुस्तिका (जमिनीचा हक्क आणि कर्जाच्या नोंदींची पुस्तिका), दोन्ही पक्षांचे आधार कार्ड आणि बटाईदाराचे बँक पासबुक व समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक) एवढी कागदपत्रे हाताशी ठेवावीत. खसऱ्याची नक्कल भूलेख पोर्टलवर किंवा लोकसेवा केंद्रात मिळते.

करार साध्या कागदावर, तीन प्रतींत होतो. दोघांनी सह्या केल्यावर एकेक प्रत आपापल्याकडे ठेवायची आणि तिसरी त्या क्षेत्राच्या तहसीलदाराकडे द्यायची. ती दिल्याची पोच आवर्जून घ्यावी. करारात खसरा क्रमांक, रकबा (क्षेत्रफळ), मुदत आणि वाटा तर असतोच, पण पुढे भांडणे होतात ती या गोष्टींवरून क्वचितच. सोयाबीनचे बियाणे कोणी आणायचे, गव्हाच्या पाण्यासाठी बोअरची मोटर जळाली तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, मालकाच्या नावावर येणारे वीजबिल कोण भरणार, गारपीट झाली तर मदतीची रक्कम कोणत्या प्रमाणात वाटायची, हे स्पष्ट लिहावे. शेवटची बाब तर अत्यावश्यक आहे, कारण कायद्याप्रमाणे पीकहानीची शासकीय मदत किंवा विम्याची रक्कम बटाईदाराला भूमिस्वामीमार्फत मिळते. वाट्याऐवजी ठरावीक रकमेने, म्हणजे मुनाफ्याने, जमीन घेतली असेल तर ती रक्कम कोणत्या तारखांना द्यायची हेही नमूद करावे.

खरिपासाठी हे काम पेरणीपूर्वी उरकलेले बरे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत बटाईदारही पात्र आहेत. शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या खरिपात 2 टक्के आणि रब्बीत 1.5 टक्के इतका असतो. किसान क्रेडिट कार्डही बटाईदाराला मिळू शकते आणि 1 जानेवारी 2025 पासून विनातारण कृषी कर्जाची मर्यादा 2 लाख रुपये झाली आहे. तरीही बँकेतला अधिकारी पहिला प्रश्न जमिनीच्या कागदाचाच करतो, तेव्हा कराराची प्रत आणि तहसीलची पोच पुढे ठेवावी. हमीभावाने गहू विकायचा असल्यास सिकमी (पट्ट्याने जमीन कसणारे) आणि बटाईदार शेतकऱ्यांची नोंदणी मोबाइलवर होत नाही, त्यासाठी सहकारी समितीच्या नोंदणी केंद्रावर करार घेऊन जावे लागते.

पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये मात्र जमीनधारक कुटुंबालाच मिळतात, बटाईदाराला नाहीत. त्यामुळे वाटा ठरवताना ते हिशेबात धरू नयेत. मुदत संपल्यावर तीच जमीन पुन्हा कसायची असेल, तर नवा करार करून त्याची प्रत तहसीलदाराकडे नव्याने द्यावी.