फोर्कलिफ्ट कलंडताना आत थांबायचं की बाहेर पडायचं?

गोदामात 'याला फोर्कलिफ्ट येते' एवढं कळलं की बसून चालवायची असो वा उभ्याने, समोर येईल ती गाडी त्याच्या हाती देतात. माल उचलायचे काटे दोन्हींना असतात, दोन्ही मागच्या चाकांवर वळतात. मात्र गाडी कलंडू लागली की दोन्हींचे नियम नेमके उलटे आहेत.

बसून चालवायच्या गाडीचा तोल तीन बिंदूंवर असतो: पुढची दोन चाकं आणि मागच्या आसाचा मध्य. मागे जड वजन असतं, त्यामुळे दोन टन उचलणारी गाडी स्वतः तीन टनांच्या पुढे भरते. गंमत अशी की रिकामी गाडी भरलेलीपेक्षा लवकर आडवी होऊ शकते. काट्यांवर माल नसला की सगळा भार मागे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जातो. त्यात वेगात वळण घेतलं की संपलंच.

गाडी कलंडताना घाबरलेला माणूस उडी मारतो, आणि बहुधा गाडी पडते त्याच बाजूला. मग डोक्यावरच्या संरक्षक चौकटीचा खांब त्याच्या छातीवर येतो. म्हणून इथे बेल्ट लावून आतच राहायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकायचं.

मागून उघड्या, उभ्याने चालवायच्या गाडीत सहसा बेल्ट नसतो. ती कलंडू लागली की मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं आणि लांब व्हायचं.

पण ही उघडी बाजू रोजच्या कामातही घात करते. गाडी वळत असताना पाय जरा बाहेर राहिला, तर गाडी आणि रॅकचा खांब यांच्यामध्ये तो चिरडतो. मागे घेताना रॅकची आडवी पट्टी गाडीच्या अंगावरून सरकून थेट चालकाच्या छातीशी येते. दार का लावत नाहीत? दाराने पाय वाचेल, पण निसटायची वाट अडेल, म्हणून त्यावर वाद आहे. मला मागचे संरक्षक खांब आणि रुंद गल्ल्या जास्त भरवशाच्या वाटतात.

अमेरिकेच्या ओशा (कामाच्या जागेची सुरक्षा पाहणारी सरकारी संस्था) नियमांत चालकाला वेगळ्या प्रकारची गाडी दिली की उजळणी प्रशिक्षण द्यावं लागतं. त्यात उभ्याने चालवायची गाडी बंद करून तिच्यातून मागे उतरण्याचा सरावही करून घ्यावा. वर्षानुवर्षं 'आतच थांब' ऐकलेला माणूस ऐनवेळी पाय मागे टाकत नाही.