बासष्टावी सेना (स्टालिनग्राड)

दुसऱ्या महायुद्धात व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राड (आजचे व्होल्गोग्राड) शहराचा मध्य व कारखान्यांचा भाग घरोघरी लढून राखणारी सोव्हिएट लाल सैन्यातील सेना. सप्टेंबर १९४२ पासून युद्धाच्या अखेरपर्यंत तिचे नेतृत्व वासिली इवानोविच चुइकोव (१९००–८२) यांच्याकडे होते. सोव्हिएट सैनिकाच्या धैर्याविषयी दोन टोकांची चित्रे आजही रंगवली जातात. एकात तो भीती ठाऊक नसलेला महावीर असतो, दुसऱ्यात पाठीमागून रोखलेल्या बंदुकीच्या धाकाने पुढे ढकललेला अभागी जीव. या सेनेचा इतिहास तपशिलात वाचला, तर दोन्ही चित्रे अपुरी ठरतात.

ही सेना जुलै १९४२ मध्ये राखीव दलातून उभी राहिली आणि डोन नदीच्या वळणावर लढत, मार खात शहराकडे हटली. २८ जुलैला स्टालिन यांचा आदेश क्र. २२७ निघाला. ‘एक पाऊलही मागे नाही’ हे त्याचे सार. परवानगीवाचून माघार घेणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटले, शिक्षा झालेल्यांच्या वेगळ्या तुकड्या आणि पळणाऱ्यांना अडवणारी पथके या आदेशाने सुरू झाली. २३ ऑगस्टला जर्मन विमानांनी शहर बेचिराख केले. त्याच दिवशी जर्मनांची १६वी रणगाडा डिव्हिजन शहराच्या उत्तरेला व्होल्गाकाठी पोहोचली. तिथे त्यांच्या आड आल्या त्या १०७७व्या विमानविरोधी रेजिमेंटच्या तोफा. त्यांवर बहुतांशी तरुण मुली होत्या. विमानांसाठीच्या या तोफांच्या नळ्या त्यांनी रणगाड्यांकडे वळवल्या आणि तोफा उद्ध्वस्त होईपर्यंत त्या लढत राहिल्या.

सेनापती लोपातिन यांना शहर राखता येईल असे वाटत नव्हते, म्हणून त्यांना दूर करण्यात आले. १२ सप्टेंबरला चुइकोव आले. खेड्यातल्या मोठ्या शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा माणूस तापट, तोंडाचा फटकळ होता. फिनलंडच्या युद्धात त्यांच्या हाताखालच्या ९व्या सेनेचा दारुण पराभव झाला होता. त्यानंतर ते चीनमध्ये लष्करी सल्लागार होते आणि जर्मनांविरुद्धच्या लढाईचा त्यांचा अनुभव जेमतेम दोन महिन्यांचा. नेमणुकीच्या वेळी, शहर राखू नाहीतर तिथेच मरू, असे त्यांनी वरिष्ठांना सांगितले. असे शब्द त्या काळात अनेक सेनापतींनी उच्चारले. चुइकोव यांचे वेगळेपण त्यानंतरच्या कामात आहे.

त्यांना मिळालेला शहराचा भूगोल विचित्र होता. स्टालिनग्राड नदीला चिकटून कित्येक किलोमीटर लांब पसरलेले, पण रुंदीला अरुंद. पाठीशी एक किलोमीटरहून रुंद पात्र आणि त्यावर पूल नाही. दारूगोळा, भाकरी, माणसे, सगळे रात्री नावांतून व छोट्या बोटींतून यायचे आणि जखमी त्याच बोटींतून परत जायचे. अवजड तोफखाना पूर्व तीरावर ठेवून त्याचे निरीक्षक पश्चिम तीरावरच्या पडक्या घरांत बसवले होते. फोनची तार तुटली की तोफा आंधळ्या व्हायच्या. त्यामुळे या लढाईत तारा जोडणाऱ्या संदेशवाहकाइतके जोखमीचे काम दुसरे क्वचितच होते. ३०८व्या डिव्हिजनमधील मात्वेई पुतिलोव ऑक्टोबरमध्ये तुटलेली तार शोधत सरपटत गेले. वाटेत ते जबर जखमी झाले. हात चालेनात तेव्हा तारेची दोन्ही टोके त्यांनी दातांत धरली आणि तशा अवस्थेतच प्राण सोडला. संपर्क पुन्हा सुरू झाला होता.

चुइकोव यांनी जर्मन युद्धपद्धतीचे निरीक्षण करून एक सोपा निष्कर्ष काढला. जर्मन आधी विमाने पाठवतात, मग रणगाडे, मग पायदळ, आणि तिन्ही एकमेकांवर अवलंबून असतात. तेव्हा आपले मोर्चे शत्रूच्या इतके जवळ न्यायचे की बाँब टाकला तर तो त्यांच्याच माणसांवर पडावा. मधले अंतर हातबाँब फेकण्याएवढे असावे, असा त्यांचा दंडक होता. त्याच विचारातून हल्ला-गट तयार झाले. सहा-आठ जण स्वयंचलित बंदुका, हातबाँब, सुरा आणि धार लावलेले फावडे घेऊन इमारतीत घुसत; आत शिरताच अग्निबाणाने खूण करत. मग मशीनगन, उखळी तोफा, पहारी व कुदळी घेतलेली दुसरी तुकडी येऊन मिळवलेली जागा पक्की करी. तिसरी राखीव असे. अशा लढाईत कोणत्या खिडकीतून शिरायचे, जिना घ्यायचा की भिंत फोडायची, हे सेनापती ठरवू शकत नाही. तो निर्णय सार्जंटवर किंवा साध्या शिपायावर येऊन पडतो. वरून हुकूम येईपर्यंत थांबणाऱ्या सैन्यात हा बदल फार मोठा होता. ९ ऑक्टोबर १९४२ रोजी कमिसारांचा (सैन्यातील राजकीय अधिकाऱ्यांचा) लष्करी हुकुमांवरील समान अधिकारही रद्द झाला आणि निर्णयाची जबाबदारी एकट्या सेनाधिकाऱ्यावर आली.

चुइकोव यांच्याबरोबर कर्मचारीप्रमुख निकोलाय क्रिलोव होते. ओडेसा व सेव्हास्तोपोल या दोन वेढ्यांतून तावून सुलाखून आलेले. सैन्याच्या राजकीय बाजूला कुझ्मा गुरोव होते. मुख्यालय आधी ममायेव कुरगान टेकडीवर, मग त्सारित्सा नाल्यात आणि शेवटी नदीच्या उभ्या काठाच्या पोटात गेले. आघाडी तिथून कधी काही शे मीटरवर असे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वरच्या बाजूच्या तेलटाक्या पेटल्या आणि जळते तेल भुयारांवरून नदीत वाहू लागले. तुम्ही कुठे आहात, असे वरिष्ठांच्या मुख्यालयातून पुनःपुन्हा विचारले जाई, कारण बिनतारी उत्तर बंद पडणे म्हणजे सेनापती गेले असा अर्थ झाला असता. जिथे सर्वांत जास्त ज्वाळा आणि धूर दिसतो तिथे, असे उत्तर गेले.

१४ ऑक्टोबरचा दिवस सर्वांत कठीण होता. ट्रॅक्टर कारखान्यावर जर्मनांनी तीन पायदळ आणि दोन रणगाडा डिव्हिजन एकदम घातल्या. विक्तोर झोलुदेव यांची ३७वी गार्ड्स (पराक्रमाचा सन्मान म्हणून मिळणारा दर्जा) डिव्हिजन जवळपास संपली. बाँबमुळे झोलुदेव स्वतः खंदकात गाडले गेले आणि त्यांना उकरून बाहेर काढावे लागले. त्या दिवशी मुख्यालयाचा काही भाग पूर्व तीरावर हलवण्याची परवानगी चुइकोव यांनीच मागितली होती. ती नाकारली गेली. पुढे त्यांच्याभोवती तयार झालेल्या दंतकथांत ही मागणी सहसा सांगितली जात नाही. पण ती ठाऊक असली की नंतर ते तिथे टिकून राहिले याचे मोल वाढतेच. संकट किती मोठे आहे हे त्यांना पुरते दिसत होते.

प्रसिद्धी मात्र इतरत्र गेली. १४ सप्टेंबरच्या रात्रीपासून नदी ओलांडून आलेल्या अलेक्सांद्र रोदिमत्सेव यांच्या १३व्या गार्ड्स डिव्हिजनमधील सार्जंट याकोव पावलोव यांच्या गटाने एक चार मजली इमारत ताब्यात घेतली. ‘पावलोवचे घर’ म्हणून ती जगभर ओळखली जाते. ती ५८ दिवस राखली गेली. पोटमाळ्यावरून रणगाडाविरोधी बंदुका झाडता येत आणि जवळ आलेल्या रणगाड्याची नळी तितकी वर उचलत नसे. आत रशियन, युक्रेनी, जॉर्जियन, उझबेक, ताजिक, तातार असे नाना प्रांतांचे लोक होते, तळघरात सामान्य नागरिकही होते. बहुतेक काळ घराची सूत्रे मात्र लेफ्टनंट इवान अफानास्येव यांच्याकडे होती. नाव सार्जंटचे राहिले आणि हा लेफ्टनंट सामान्य वाचकाच्या स्मरणातून जवळजवळ गेला. नेमबाज वासिली झाइत्सेव यांनाही अशीच प्रसिद्धी मिळाली. १० नोव्हेंबर ते १७ डिसेंबर या काळात त्यांच्या नावावर २२५ शत्रुसैनिकांची नोंद आहे आणि त्यांनी तिथेच इतर नेमबाज शिकवून तयार केले. जर्मन मेजरशी त्यांचे झालेले प्रसिद्ध द्वंद्व मात्र पुराव्याने सिद्ध झालेले नाही.

‘ल्युद्निकोवचे बेट’ म्हणून ओळखला जाणारा वेढलेला पट्टा त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. ११ नोव्हेंबरला जर्मनांनी सेनेची फळी पुन्हा फोडली आणि बारिकादी कारखान्यामागे कर्नल इवान ल्युद्निकोव यांची १३८वी डिव्हिजन सुमारे ७०० मीटर लांब व ४०० मीटर रुंद पट्ट्यात बाकीच्या सेनेपासून तुटून एकाकी अडकली. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते, नावा पोहोचत नव्हत्या. रात्री छोटी पो-२ विमाने अन्न व काडतुसे टाकत, पण पट्टा इतका अरुंद की बरेचसे नदीत किंवा शत्रूकडे पडे. काठाच्या एका घळीत चार संदेशवाहकांचे ‘रोलिक’ नावाचे ठाणे होते. वरून जर्मन हातबाँब टाकत राहिले, तरी चौघांनी तार चालू ठेवली. २३ डिसेंबरला हा वेढा फुटला. अशा दिवसांसाठीच चुइकोव यांनी दारूगोळ्याबरोबर १२ टन चॉकलेट गुपचूप राखून ठेवले होते. माणशी अर्धी वडी दिली तरी आठवडा-दोन आठवडे निभावतील, हा त्यांचा हिशेब.

धाकाची बाजू झाकण्यात अर्थ नाही. इतिहासकार इसाक मिंत्स यांच्या आयोगाने १९४३ च्या सुरुवातीलाच स्टालिनग्राडच्या सैनिक-अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्या अनेक दशके दप्तरात पडून राहिल्या. सुरुवातीच्या दिवसांत जागा सोडणाऱ्या अधिकाऱ्यांना आपण गोळ्या घातल्याचे चुइकोव यांनी त्यात स्वतः सांगितले आहे. अडवणूक पथके होती, गोळ्या घालून दिलेल्या शिक्षाही होत्या. पण पडक्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर रात्रभर जागणाऱ्या चार जणांवर पाळत ठेवायला कोणी नव्हते. ते टिकले ते शेजारच्या सोबत्यासाठी, मागे जळालेल्या गावासाठी, आणि अधिकारीही याच काठावर आहेत हे रोज दिसत होते म्हणून. धाकाने माणूस खंदकात थांबतो. दातांत तार धरण्यामागे काही वेगळे असावे लागते.

१९ नोव्हेंबरला शहराबाहेरून सोव्हिएट प्रतिहल्ला सुरू झाला आणि २३ तारखेला जर्मन ६वी सेना वेढली गेली. ३१ जानेवारी १९४३ रोजी तिचे सेनापती फील्डमार्शल पाउलुस शरण आले, २ फेब्रुवारीला उरलेला उत्तरेकडील गटही. संपूर्ण स्टालिनग्राड मोहिमेत सोव्हिएट बाजूचे मृत व बेपत्ता ४,७८,७४१, आणि जखमी व आजारी ६,५०,८७८ इतके होते. लढाईचे पडसाद मुंबईच्या कामगार वस्तीतही उमटले. अण्णाभाऊ साठे यांनी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि व्होल्गाकाठची झुंज डफाच्या तालावर मराठी श्रोत्यांपर्यंत पोहोचवली.

एप्रिल १९४३ मध्ये ६२व्या सेनेला ८वी गार्ड्स सेना हा दर्जा मिळाला. युक्रेन व पोलंडमार्गे ती बर्लिनला पोहोचली. २ मे १९४५ रोजी बर्लिनचे जर्मन सेनापती वाइडलिंग चुइकोव यांच्याच मुख्यालयात शरण आले. १९४२ च्या शरद ऋतूतील सहकाऱ्यांपैकी अनेक जण तोवर उरले नव्हते. ममायेव कुरगानवर लढलेले निकोलाय बात्युक जुलै १९४३ मध्ये, ३०८व्या डिव्हिजनचे गुर्त्येव ऑगस्टमध्ये ओर्योलजवळ लढताना आणि गुरोव सप्टेंबरमध्ये वारले; झोलुदेव जुलै १९४४ मध्ये रणांगणावर पडले. क्रिलोव पुढे मार्शल झाले आणि सोव्हिएट क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख म्हणून त्यांनी काम पाहिले.